कुठे निघालात आजोबा?

भोचकपणा म्हणजे काय हे ज्याला शिकायचं असेल त्यानं त्या गल्लीत एक वर्ष राहून बघायला हवं होतं. हवं होतं म्हणायचं कारण, गल्ली आता तशी राहिली नाही. आता दारांवर कॅमेरे बसलेत. ते सगळं बघतात, पण मेले विचारत काहीच नाहीत. त्या काळी मात्र घरातून निघून नाक्यापर्यंत जायचं तर वाटेत चार ठिकाणी जबाब द्यावा लागायचा. कुठे निघालात, का निघालात, एवढ्या उन्हाचं कशाला, आणि पिशवीत काय आहे. आपल्याला त्याचं काही वाटायचं नाही. जन्मल्यापासून ऐकत आलेलं. पण बिचारी पंपबाई परदेशातून येऊन त्यात सापडली.

पंपबाई हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव चांगलं लांबलचक होतं, तिच्या देशातलं, पण ते घेताना प्रत्येकाची जीभ वेगळ्या ठिकाणी अडखळायची. ती आली होती मोठाल्या पंपांच्या कारखान्यात, तपासणी विभागात. खोलीएवढाले पंप चालू करायचे, त्यांच्या अंगाला यंत्राची दांडी टेकवायची आणि आतलं बेअरिंग कुठे कुरकुरतंय ते बघायचं, हे तिचं काम. गल्लीला एवढी माहिती पुरली. ती वरच्या मजल्यावर राहायला आली त्याच आठवड्यात गच्चीवरच्या टाकीत पाणी चढेना. घरमालकीण काकू थेट तिच्या दारात. "तू पंपातलीच ना? मग बघ की जरा." कारखान्यातले पंप वेगळे असतात, हे तिनं मोडक्यातोडक्या भाषेत समजावलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि पाना तिच्या हातात दिला. मोटारीनं हवा धरली होती. तिनं नट सैल करून हवा काढली, पाणी चढलं, आणि त्या दिवसापासून ती जन्माची पंपबाई झाली. पुढे गल्लीत कुणाचीही मोटार बसली की हाक तिलाच.

मोटारीचं तिला काही वाटायचं नाही. तिला छळायचा तो प्रश्न. खालच्या दारात काकूंची खुर्ची. जिन्यावर हिचं पाऊल वाजलं की खालून आवाज, "कुठे निघालीस?" तिच्या देशात असं फक्त पोलीस विचारतात, आणि तेही आधी माफी मागून. सुरुवातीला ती जागच्या जागी थांबायची आणि गुन्हेगारासारखी सगळं सांगायची. बँकेत चालले आहे, तिथून चप्पल शिवून घेणार, मग भाजी. तेवढ्यानं भागायचं नाही. कुठल्या बँकेत? चप्पल कशी तुटली? आणि परत येताना, भाजी केवढ्याला घेतलीस? ती सांगेल तो भाव ऐकून काकू कपाळावर हात मारून घ्यायच्या. "फसवलं गं बाई तुला!" दार लावून वाचत बसली तर दारावर थाप, "बरं नाही का?" रविवारी उशिरा उठली तर तेच. लग्न का नाही केलंस, पगार किती, केस खरेच आहेत की रंगवलेत. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

शेवटी कारखान्यातल्या फोरमननं तिची शिकवणी घेतली. "अहो बाई, उत्तर कुणाला हवंय? नुसतं 'जरा इकडेच' म्हणायचं आणि पुढे व्हायचं." तिला ते मंत्रासारखं लागू पडलं. इस्त्रीवाला विचारायचा, ती म्हणायची, जरा इकडेच. बेकरीवाल्या ताई विचारायच्या, जरा इकडेच. नाक्यावरचा रिक्षावालाही खूश. काकूंपुढे मात्र ही मात्रा चालायची नाही. "इकडेच म्हणजे कुठे?"

मग एकदा ती सुटीत आपल्या देशी गेली. महिनाभर रोज घरातून स्टेशनापर्यंत चालत जायची. स्वच्छ रस्ता, दोन्हीकडे झाडं, समोरून येणारे लोक सभ्यपणे बाजूला व्हायचे. कुणी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, आपण दिसतोय ना लोकांना? परत आली तेव्हा बॅगा घेऊन गल्लीत शिरते न शिरते तोच इस्त्रीवाला ओरडला, "काय बाई, किती दिवस! जाड झालात की!" तिला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्या दिवशी काकूंना तिनं प्रवासातलं विमानातल्या जेवणापासून सगळं सांगितलं. एका वर्षासाठी आलेली बाई मग सातव्या वर्षातही तिथेच होती.

आणि सातव्या वर्षी तिनं वडिलांना आणलं.

वडील बेकरीवाले. जन्मभर गावाच्या नाक्यावरच्या आपल्या छोट्या बेकरीत त्यांनी पाव भाजले. गाव झोपलेलं असताना त्यांचं काम सुरू व्हायचं आणि दुपारी संपायचं. पंपबाईची आई रुग्णालयात परिचारिका, तिची घरी यायची वेळ धड नाही. म्हणून धाकट्या लेकीला शाळेतून आणायचं काम वडिलांचं. ते अंगावर कोट चढवून फाटकाशी उभे असायचे. कोटाच्या खिशात कागदात गुंडाळलेलं पावाचं टोक. पावाचं टोक म्हणजे सगळ्यात खरपूस भाग, ते गिऱ्हाइकाला न देता ते लेकीसाठी ठेवायचे. त्यांचा हात धरला की पिठाचा आणि आंबवणाचा वास यायचा. पंपबाईला पुढे आयुष्यात चांगल्या गोष्टी पुष्कळ मिळाल्या, पण त्या वासाची सर कशालाच आली नाही.

आई गेली आणि वडील विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेगडी, मग माणसं. भाऊ तिकडेच राहत होता, त्यानं होईल तेवढं केलं, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. शेवटी त्यानं एक चांगली संस्था शोधली. बाग होती, डॉक्टर होते, जेवण वेळेवर. प्रत्येक दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप. पंपबाई बघून आली. वडील तिथे खुर्चीत बसून दाराकडे बघत होते. त्यांनी हळूच तिला विचारलं, "दुकान उघडायला कुणी किल्ली देईल का?" त्यावर तिनं सरळ त्यांची बॅग भरली.

भाऊ म्हणाला, "तुझी ती गल्ली मी बघितली आहे. गर्दी, गोंगाट, रहदारी, आणि त्यांना भाषेचं अक्षर येत नाही. ने हवं तर. पण एकदा जरी ते हरवले, तर मी येईन आणि घेऊन जाईन. वाद घालायचा नाही. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

गल्लीला आयताच नवा माणूस मिळाला. त्याचे 'आजोबा' व्हायला एक सकाळ लागली. "कुठे निघालात आजोबा?" म्हटलं की ते थांबायचे आणि आपल्या भाषेत सविस्तर उत्तर द्यायचे. इस्त्रीवाला आपल्या भाषेत स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं सांगायचा. दोघांचं अर्धा अर्धा तास चालायचं. एकाचं अक्षर दुसऱ्याला कळायचं नाही आणि दोघांचंही पोट भरायचं. पंपबाई सकाळची पाळी घेऊन दुपारी घरी यायची. तोवर एक बाई आजोबांजवळ असायची. ती त्यांना जेवू घालून, झोपवून जायची. आजोबा झोपले की पंपबाई येऊन तासभर झाला तरी उठायचे नाहीत. आणि खाली काकूंची खुर्ची होतीच.

घोटाळा केला तो काकूंच्या हौसेनं. खाणाखुणांवर त्यांचं भागेना. त्यांनी पंपबाईकडून तिच्या भाषेतले चार शब्द शिकून घेतले. 'कुठे' शिकल्या, 'मुलगा' शिकल्या, 'बायको' शिकल्या. पंपबाईनंही कौतुकानं शिकवले. आणि एका संध्याकाळी काकूंनी मोठ्या अभिमानानं आजोबांना विचारलं, "बायको कुठे?"

आजोबा तडक वळले. मग वर गेले आणि बायकोला शोधायला लागले. स्वयंपाकघरात बघितलं, न्हाणीघरात बघितलं, कपाट उघडून बघितलं. पंपबाई मागेमागे. आई नाही आता, हे त्यांना कितव्यांदा तरी सांगायची वेळ तिच्यावर आली, आणि त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं. म्हातारा माणूस पलंगाच्या कडेला बसून लहान मुलासारखा रडला.

पंपबाई तरातरा खाली आली. सात वर्षांत गिळलेलं सगळं तोंडाशी आलं. "काकू, पुरे झालं! त्यांना काही विचारत जाऊ नका. कुठे नाही, काय नाही, एक शब्दसुद्धा नाही. माणसाला जरा एकटं सोडायला शिका!"

काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. "बरं," त्या म्हणाल्या. "नाही विचारणार."

आणि बाई वचनाच्या पक्क्या! त्या दिवसापासून काकूंच्या तोंडाला कुलूप. पंपबाई जिना उतरली की त्या मान वळवून भिंतीकडे बघायच्या. आजोबा उतरले तरी तेच. पंपबाईला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, पण आधी माघार कोण घेणार? तीही बापाचीच लेक.

अशातच ती दुपार आली. पंपबाई कारखान्यातून आली, दार उघडं. पलंग रिकामा. बूट नाहीत. खुंटीवरचा कोट नाही. एवढ्या उकाड्यात कोट! जिना दोन दोन पायऱ्या टाकत ती खाली आली. काकू खुर्चीत.

"काकू, बाबा?"

"गेले."

"गेले? कुठे गेले?"

"मला काय ठाऊक? तू म्हणालीस विचारू नका. मी नाही विचारलं." एवढं बोलताना काकूंच्या लक्षात आलं की आजोबा एकटे गेलेत आणि पंपबाई ही इथे उभी आहे. त्यांचा आवाज एकदम बसला. "मला वाटलं, तू नाक्यावर उभी असशील. पूर्वीची असते तर विचारलं असतं गं... तू शपथच घातलीस जशी."

पंपबाई मटकन पायरीवर बसली. आणि लहानपणापासून संकटात जे करत आली तेच तिच्या हातानं केलं, भावाला फोन लावला. "बाबा सापडत नाहीयेत," एवढं ती बोलून गेली आणि मग तिला कळलं आपण काय बोलून बसलो. पलीकडे भाऊ रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "पोलिसांत जा," तो म्हणाला. "मी तिकीट बघतो. ठरलं होतं आपलं." झालं. आकड्यांच्या कुलपाचं ते दार तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. बाबा जिवंत सापडले तरी आता आपल्या हातून गेले, हे तिला स्पष्ट दिसलं.

काकूंनी पायात चपला सरकवल्या. "ऊठ. रडायचं ते नंतर रड. मी नाही विचारलं, पण या गल्लीत विचारल्यावाचून माणूस पुढे जाईल? अगं, इथून कुत्रं गेलं तरी विचारतात!"

इस्त्रीवाल्याच्या टेबलाशी दोघी पोचल्या. "आजोबा? हो, गेले की!" तो म्हणाला. "मी विचारलं, कुठे निघालात आजोबा. त्यांनी हात असा कमरेएवढा धरला, मग पाठीला दप्तर दाखवलं. म्हटलं, नातीला आणायला निघालेत शाळेतून. तुमच्या भावाचं बिऱ्हाड आलंय ना?"

"कुणी नाही आलेलं!"

"आं? तेवढं विचारायचं राहिलं बघा, गिऱ्हाईक उभं होतं. पण कोट अगदी चुरगळलेला होता. मी म्हटलं, शाळेत चाललाय, चार लोक बघतात, असे नका जाऊ. उतरवून घेतला आणि मस्त इस्त्री करून दिला."

पंपबाईला हसावं की रडावं कळेना. ती पळत बेकरीवर गेली. बेकरीवाल्या ताईंकडे सांगायला याहून जास्त होतं. आजोबा सरळ गल्ला ओलांडून पावांच्या फळ्यांपाशी शिरले होते. एकेक पाव उचलायचे, उलटा करायचे, बुडाला बोटानं टकटक करायचे आणि कान लावून ऐकायचे. पहिले कितीतरी नापास केले. "माझा नवरा भाजतो हो ते! आधी मला राग आला," ताई म्हणाल्या, "पण मग बघितलं, त्यांनी निवडला तो खरंच चांगला भाजलेला होता. त्याचं टोक कापून मागितलं. मी विचारलं, एवढंसं? कुणाला? तर हात असा कमरेएवढा. मग मी कागदात बांधून दिलं आणि पोटऱ्या दुखतील म्हणून म्हटलं, शाळा लांब असेल तर रिक्षानं जा."

"कुठली शाळा?" काकू आणि पंपबाई एकदमच ओरडल्या.

ते नाक्यावरच्या रिक्षावाल्याला ठाऊक होतं. "मी विचारलं ना. ते घंटेसारखा हात हलवून दाखवायला लागले. टण, टण. म्हटलं ही आपली मागचीच. मोठा रस्ता आडवा येतो, म्हाताऱ्या माणसाला कसं सोडायचं? हात धरून पलीकडे नेलं, अगदी फाटकाशी नेऊन बसवलं. का? काही चुकलं का?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती शाळा म्हणजे पंपबाईच्या घरामागच्या मोठ्या रस्त्याच्या पलीकडची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचं मैदान दिसायचं. गल्लीतून जायचं तर वळसा पडायचा एवढंच. शाळा सुटल्याची घंटा रोज दुपारी आजोबांच्या उशाशी वाजत होती. तीन महिने ते झोपेत ती ऐकत होते. आज ती वाजायच्या आधीच जागे झाले आणि कामाला निघाले.

वाटेभर काकू स्वतःवरच चरफडत होत्या. "सगळ्या मेल्यांनी विचारलं! इस्त्री केली, पाव दिला, रस्ता ओलांडून दिला. आणि मी त्यांच्या दाराशी बसणारी, मीच नेमकी मूग गिळून बसले!"

शाळेच्या फाटकाशी बुटक्या कठड्यावर मुलांना न्यायला आलेली माणसं बसली होती. त्यांत मध्ये आजोबा. कोटाला कडक इस्त्री, केस पाण्यानं चोपून बसवलेले, मांडीवर कागदाची पुडी. पंपबाईचा जीव भांड्यात पडला. ती धावत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "बाबा!"

त्यांनी तिच्याकडे बघितलं. अनोळखी बाईशी वागावं तसे हसले आणि सरकून जागा दिली. "बसा ना. तुमचं मूलही इथेच आहे का?"

ती बसली.

"माझी मुलगी तिसरीत आहे," ते म्हणाले. "सगळ्यांच्या शेवटी बाहेर येते. दप्तरात पेन्सिली उंचीप्रमाणे लावते, मग निघते. बाई रागावतात, पण मी म्हणतो, लावू दे. काही घाई नाही."

पंपबाईला तोंड फिरवावं लागलं. पेन्सिलींचं ती स्वतः विसरून गेली होती.

घंटा झाली. मुलं बाहेर फुटली. आरडाओरडा, ढकलाढकली, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या. आजोबा उठून फाटकाला हात लावून उभे राहिले आणि प्रत्येक चेहरा बघत राहिले. गर्दी विरळ झाली. मग एकेकटी मुलं. मग कुणीच नाही. शिपाई फाटकाची एक बाजू लोटायला लागला. आजोबांच्या हातातली पुडी चुरगळली.

"आली नाही," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "माझी मुलगी आली नाही."

पंपबाईच्या काळजाला ते लागलं. इथे उभी राहून, बाबा मीच ती, असं शंभरदा सांगता आलं असतं. आई नाही हेही असंच तर सांगितलं होतं. ती उठली आणि तडक फाटकाकडे निघाली.

शिपायानं हात आडवा घातला. "कुठे निघालात?"

"आत. लगेच बाहेर येते."

"शाळा सुटली बाई. कुणाला भेटायचंय?"

तेवढ्यात काकू पुढे झाल्या. "सोड रे तिला आत. तिचे वडील तिला न्यायला आलेत."

शिपायानं पंपबाईकडे बघितलं. तिच्या कानांजवळ केस पिकायला लागले होते. "यांना न्यायला?"

"हो, यांनाच," काकू म्हणाल्या. "कधीपासून ताटकळलेत म्हातारे. फाटक उघड."

शिपायानं आजोबांकडे एकदा बघितलं आणि फाटक उघडलं. पुढे एक अक्षर विचारलं नाही.

पंपबाई मैदान ओलांडून पार वर्गांच्या ओट्यापर्यंत गेली. तिथे तिनं खांद्यावरची पर्स काढून दोन्ही पट्ट्यांत हात घातले आणि पाठीवर घेतली. वळली आणि चालत परत निघाली. मैदान रिकामं होतं. फाटकाशी कोट घातलेला माणूस उभा होता. किती वर्षांनी ती असं चालत होती! तिला वाटलं, हे मैदान संपू नये.

आजोबांनी तिला बघितलं. त्यांचे खांदे एकदम सैल झाले. "उशीर केलास, पिटुकले," ते म्हणाले.

"पेन्सिली लावत होते, बाबा."

"ते वाटलंच मला." त्यांनी तिच्या पाठीवरची पर्स काढून आपल्या खांद्याला अडकवली आणि पुडी उघडून पावाचं टोक तिच्या हातात ठेवलं. मग तिचा हात धरला आणि निघाले. ती पावाचं टोक खात, रडत, रस्त्यानं चालली होती. काकू चार पावलं मागे होत्या. गल्लीतल्या लोकांनी तोंड उघडलं की त्या मागूनच हातानं गप्प करत होत्या.

घरी पोचून चहा होतो न होतो तोच भावाचा फोन आला. काकू वरच होत्या, हलायला तयार नव्हत्या. "सापडले?" भावानं विचारलं. "बरं झालं. मला परवाचं तिकीट मिळालंय. आता मागे फिरायचं नाही हं. हरवले तर मी नेणार, असं ठरलं होतं."

"हरवले नव्हते," पंपबाई म्हणाली.

"अगं, तूच फोन केलास ना?"

"ते कुठे आहेत हे मला ठाऊक नव्हतं. बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. अख्ख्या गल्लीला सांगून गेले होते ते." आणि तिनं सगळं सांगितलं. इस्त्री, पाव, रिक्षावाला, घंटा. बेकरीचं ऐकताना भाऊ हसल्यासारखं वाटलं.

"पावाच्या बुडाला टकटक केली?"

"हो. त्यांचे निम्मे पाव नापास केले."

"कोटाला इस्त्री कुणी करून दिली म्हणालीस?"

"आमच्या इस्त्रीवाल्यानं."

भाऊ नाक ओढत होता. त्याच्यासाठी कुणी पावाचं टोक ठेवायचं नाही, तो मोठा होता, एकटा चालत यायचा. "तिकीट काढलंय तर येतोच मी," तो शेवटी म्हणाला. "बघायला येतो. न्यायचं नंतर बघू."

"काय म्हणतो गं?" काकूंनी न राहवून विचारलं, आणि लगेच जीभ चावून तोंडावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पंपबाई कारखान्यातून जरा लवकर निघाली. वर येऊन बघते तर आजोबा कोट घालून तयार. बूटसुद्धा बांधलेले. त्यांच्या मागोमाग ती जिना उतरली. खाली काकूंची खुर्ची. काकूंनी दोघांना बघितलं, ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे वळवली.

पंपबाई थांबली. "काकू, विचारा ना."

"काय विचारू?"

"तुम्हाला माहीत आहे काय ते."

"नको बाई. पुन्हा म्हणशील, माणसाला एकटं सोडायला शिका."

"चुकलं माझं. नका सोडू. आम्हाला अजिबात एकटं सोडू नका. विचारा."

काकूंनी तिच्याकडे नीट बघून घेतलं. मग खुर्चीत सावरून बसल्या, आणि इतक्या दिवसांचं तुंबलेलं सगळं एका दमात बाहेर काढत, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कुठे निघालात आजोबा?"

आजोबांचा चेहरा खुलला. ते थांबले. हात कमरेएवढा धरला, आणि आपल्या भाषेत भराभर सांगायला लागले.

"काय म्हणतात?" काकूंनी विचारलं.

"मला आणायला निघालेत," पंपबाई म्हणाली. तिनं पर्स पाठीवर घेतली. "तुम्ही जा त्यांच्याबरोबर, सावकाश. मला त्यांच्याआधी पोचायला हवं."

आणि पंपबाई मागच्या बोळानं शाळेकडे पळत सुटली.